प्रकाशाला आवर घालणारे अतिसंवाहक

मोराच्या पिसातील रंगद्रव्य प्रत्यक्षात काळपट तपकिरी असते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. त्या द्रव्याच्या अतिसूक्ष्म काड्या सुमारे दीडशे नॅनोमीटर अंतरावर जाळीसारख्या ओळीने रचलेल्या असतात. हे अंतर किंचित वाढले की निळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा पिवळा होतो. अशा नियमित रचनेला फोटॉनिक स्फटिक म्हणतात. रचनेतील अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांचा विशिष्ट मेळ बसला, की त्या तरंगलांबीच्या प्रकाशाला आत वाट मिळत नाही व तो परत फिरतो. मज्जाव झालेल्या या पट्ट्याला आपण निषिद्ध पट्टा म्हणू. एली याब्लोनोविच आणि केरळात जन्मलेले सजीव जॉन यांनी १९८७ साली स्वतंत्रपणे या शास्त्राचा पाया घातला.

अशा स्फटिकाची एक अडचण आहे. तो एकदा घडविला की त्याचा निषिद्ध पट्टाही कायमचा ठरून जातो. तो हवा तेव्हा सरकविता यावा, यासाठी अतिसंवाहकांचा विचार पुढे आला.

१९११ साली लायडन येथे कामरलिंग ओन्स यांना आढळले, की सुमारे ४.२ केल्विन, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअस तापमानाला पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. १९३३ साली माइस्नर व ओक्सेनफेल्ड यांनी दाखविले, की असा पदार्थ चुंबकीय क्षेत्रालाही बाहेर लोटतो. हे क्षेत्र पृष्ठभागातून केवळ काही दशक ते काही शतक नॅनोमीटर आत शिरते. तापमान वाढविले की जोडीने वाहणारे इलेक्ट्रॉन कमी होतात, ही खोली वाढते आणि पदार्थाचा प्रकाशाशी होणारा व्यवहार बदलतो. म्हणून अतिसंवाहकाचे व साध्या विद्युतरोधकाचे पातळ थर आलटून पालटून रचले, तर केवळ तापमान किंवा चुंबकीय क्षेत्र बदलून निषिद्ध पट्टा सरकविता येतो.

याला मर्यादाही आहे. दृश्य प्रकाशाची ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडण्याइतकी मोठी असते. त्यामुळे ही युक्ती मुख्यतः सूक्ष्मलहरी व टेराहर्ट्‌झ लहरींसाठी उपयोगी पडते. शिवाय थंडावा राखावा लागतो. मात्र १९८७ मध्ये सापडलेला इट्रियम-बेरियम-तांबे-ऑक्सिजनचा संयुग सुमारे ९२ केल्विनलाच अतिसंवाहक होतो आणि त्याला ७७ केल्विनचा द्रव नायट्रोजन पुरतो.

या विषयात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९४ साली इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता आढळली. त्याच संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलीकेल्विनखाली अतिसंवाहक होतो, हे सिद्ध केले. बिस्मथमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन फार थोडे असल्याने प्रचलित सिद्धान्ताला त्याचे स्पष्टीकरण देता आले नाही.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. ज्ञानाची दारे कोणासाठी उघडी होती आणि कोणासाठी बंद, हे आम्ही वर्गात रोज शिकवितो. म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते. नेऱ्यातील मुलांना हिंजवडीच्या कंपन्या दिसतात. पाषाण येथे २००६ साली स्थापन झालेली आयसर ही विज्ञानसंस्था मात्र अनेक घरांना माहीतही नसते. बारावी विज्ञानानंतर अभिक्षमता परीक्षा देऊन तेथे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, आणि केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे राखीव जागाही असतात. मोरपिसाचा रंग कोठून येतो, असे विचारणारे मूल आपल्या घरी असेल, तर त्याला हा रस्ता वेळीच दाखविणे आपले कर्तव्य आहे.