आंतरराष्ट्रीय करारावर सही सरकारची, मग संसद काय करते?

जालना जिल्ह्यातलं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जातं. इथल्या शेतकऱ्यानं घरचं बियाणं राखून पुन्हा पेरलं, तर त्याला कायद्याचं संरक्षण आहे. पण हा हक्क आपोआप मिळालेला नाही. एका आंतरराष्ट्रीय करारामुळे तो चर्चेत आला आणि संसदेनं तो कायद्यात लिहिला.

करारासाठी संसदेची मंजुरी लागते का?

नाही. परदेशांशी करार करणं हा केंद्र सूचीतला विषय आहे. कलम ७३ नुसार तो अधिकार केंद्र सरकार वापरतं. त्यामुळे मंत्रिमंडळाच्या मंजुरीनं करार होऊ शकतो.

पण करार पाळण्यासाठी देशातला कायदा बदलावा लागणार असेल, तर संसदेत जावंच लागतं. कलम २५३ नुसार अशा वेळी संसद शेतीसारख्या राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते.

इतर देशांत काय होतं?

ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार बहुतेक करार अंतिम मान्यतेआधी कामकाजाचे २१ दिवस संसदेपुढे ठेवावे लागतात. युरोपीय संघाचा प्रस्तावित कायदा आपल्या अधिकारात ढवळाढवळ करतो असं वाटलं, तर सदस्य देशांच्या संसदा आठ आठवड्यांत हरकत घेऊ शकतात.

म्हणजे तिथे तपासणी आधी होते, आपल्याकडे बहुतेकदा नंतर.

मग बियाण्याचं काय झालं?

नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावावरून देशभर वाद पेटला. महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं प्रस्तावाला पाठिंबा दिला, तर अनेक संघटनांनी विरोध केला. १५ एप्रिल १९९४ रोजी करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली.

नव्या वाणांना पेटंट किंवा दुसरं परिणामकारक कायदेशीर संरक्षण द्यायचं, अशी त्यात अट होती. ते 'दुसरं संरक्षण' कसं असावं, हे मात्र प्रत्येक देशावर सोडलं होतं.

हीच मोकळीक संसदेनं वापरली. १९९९ मध्ये मांडलेलं विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. २००१ मध्ये झालेल्या कायद्यात शेतकऱ्यांच्या हक्कांवर स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या कलम ३९ नुसार शेतकरी संरक्षित वाणाचंही बियाणं राखू, पेरू, देऊ-घेऊ आणि विकू शकतो. फक्त ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. संकरित मिरचीचं बी राखलं तर पुढचं पीक तसंच येत नाही. त्यामुळे हा हक्क सरळ वाणांसाठी जास्त कामाचा आहे.

उशिरा तपासणीचा तोटा काय?

सही झाल्यावर संसदेचे हात बरेचसे बांधले जातात. पेटंटबाबतचा १९९४ चा अध्यादेश संसदेत कायद्यात बदलला नाही आणि बाद झाला. अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली, भारत हरला आणि १९९९ मध्ये कायदा बदलावाच लागला.

खासदार आधी काय करू शकतात?

वाटाघाटी सुरू असताना ते सभागृहात प्रश्न विचारू शकतात. ३१ सदस्यांची वाणिज्य विषयक स्थायी समिती अधिकाऱ्यांना बोलावून माहिती घेऊ शकते. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण त्या नोंदीवर राहतात.

भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. असे आणखी करार होत राहतील. त्यात आपल्या पिकाबद्दल काय लिहिलंय, हे खासदाराला विचारायची खरी वेळ सहीच्या आधीची असते.