मतांगीकार आणि शास्त्रवचन : पंडिता रमाबाईंच्या वादाची एक बाजू

ख्रिस्ती उपासनेत विश्वासाची काही ठरीव विधाने सामुदायिकपणे उच्चारली जातात. त्यांना मतांगीकार म्हणतात. प्रेषितांचा, नायसियाचा आणि अथनेशियसचा असे तीन मतांगीकार पश्चिमेकडील मंडळीत प्रमाण मानले गेले. ही विधाने बायबलच्या शिकवणुकीशी जुळतात काय, हा प्रश्न युरोपात शतकानुशतके चर्चिला गेला आहे. मराठी विचारविश्वात तो सर्वांत तीव्रतेने उपस्थित झाला तो पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) इंग्लंडमधील पत्रव्यवहारात. या वादाकडे बहुधा वसाहतवादी सत्ता आणि स्त्रीचे स्वातंत्र्य या अंगांनी पाहिले जाते. गौरी विश्वनाथन यांचे १९९८चे विवेचन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तथापि त्या वादाला अर्थनिर्णयाची, म्हणजे ग्रंथ कसा वाचावा याची, जी बाजू आहे, ती स्वतंत्र विचारास पात्र आहे.

प्रथम मतांगीकारांचे स्वरूप पाहिले पाहिजे. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये नाही. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, हे सांगण्यासाठी ३२५ साली नायसियाच्या परिषदेने जो ग्रीक शब्द योजला, तोही बायबलमध्ये आढळत नाही. अथनेशियसने स्वतः हे मान्य केले होते. शब्द शास्त्रातील नसला तरी अर्थ शास्त्रातील आहे, असे त्याचे उत्तर होते. त्याच्या नावाने चालणारा मतांगीकार मात्र त्याचा नव्हे. तो मूळ लॅटिनमध्ये, त्याच्या मृत्यूनंतर (३७३) बऱ्याच काळाने रचला गेला. त्रैक्याचे उघड विधान करणारे एक वाक्य योहानाच्या पहिल्या पत्रात (५:७) दीर्घकाळ छापले जात होते. इरॅस्मसने ते १५१६ आणि १५१९च्या आवृत्त्यांत गाळले, १५२२मध्ये पुन्हा घेतले. १८८१च्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारातून ते वगळण्यात आले. रमाबाई इंग्लंडला पोहोचल्या त्या १८८३मध्ये, म्हणजे त्यानंतर दोनच वर्षांनी.

याचा अर्थ मतांगीकार निराधार आहेत असा होत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी (२८:१९) पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपण आणि पिता एक असल्याचे सांगतो (१०:३०), आणि त्याच ग्रंथात पिता आपल्याहून थोर असल्याचेही सांगतो (१४:२८). दोन्ही वचने प्रमाण मानायची तर त्यांची संगती लावणे भाग आहे. अथनेशियसचा मतांगीकार ती अशी लावतो : पुत्र देवत्वाच्या दृष्टीने पित्यासमान, मनुष्यत्वाच्या दृष्टीने त्याहून उणा. मीमांसेच्या परिभाषेत हा समन्वय होय. शास्त्र कथा सांगते, प्रार्थना करते, उपदेश करते. मतांगीकार व्याख्या करतो. म्हणून ‘जुळतात काय’ या प्रश्नापाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच : हा समन्वय करण्याचा अधिकार कोणाचा?

या दुसऱ्या प्रश्नाचे रोमन मंडळीचे उत्तर निःसंदिग्ध होते. पवित्र शास्त्राचा अर्थ मंडळीने धरलेल्या अर्थाविरुद्ध कोणी लावू नये, असे ट्रेंटच्या परिषदेने १५४६ साली ठरविले. नवी दिल्लीतील ज्या मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे, त्याला ज्याचे नाव दिले आहे त्या कोपर्निकसच्या ग्रंथावरही याच नियमाची छाया पडली. त्याचे मत शास्त्रविरोधी ठरवून १६१६ साली तो ग्रंथ दुरुस्त होईपर्यंत स्थगित करण्यात आला. योगायोग असा की, त्याच वर्षी गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या मराठी काव्यात बायबलची कथा आणि मंडळीचा सिद्धान्त एकजीव झालेले आहेत. त्यात श्रोते शंका विचारतात आणि पाद्री-गुरू निरसन करतो. श्रोत्यांच्या हाती कथेचे मूळ पुस्तक नाही. त्यामुळे कथा आणि सिद्धान्त यांत अंतर आहे काय, ही शंका त्या रचनेत उद्भवू शकत नाही.

ती उद्भवण्यासाठी ग्रंथ वाचकाच्या हाती यावा लागतो. श्रीरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार निघाला, मुंबईत १८२६ साली नवे भाषांतर झाले आणि १८४७पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले. प्रॉटेस्टंट मिशनांनी शास्त्रवाचनाला उपासनेइतकेच महत्त्व दिले. वाचक प्रश्न विचारील, ही शक्यता या कार्यातच अंतर्भूत होती.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना, विशेषतः १८८५मध्ये, सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रातून वाद झाला. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. त्यात रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका मांडतात आणि अथनेशियसच्या मतांगीकाराला संमती देत नाहीत. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर दुसरे तसेच जोखड स्वीकारण्याची आपली इच्छा नाही, असे त्या कळवितात. क्रुसावरील लॅटिन अक्षरांच्या जागी संस्कृत अक्षरे का नसावीत, हा त्यांचा प्रश्नही याच पत्रव्यवहारात येतो.

सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. त्यांची भूमिका समजून घेण्याजोगी आहे. एकट्या वाचकाने लावलेला अर्थ परंपरेच्या कसोटीवर उतरला पाहिजे, अन्यथा प्रत्येकाचा एक पंथ होईल, ही भीती खोटी नव्हती. परंतु अँग्लिकन मंडळीचा स्वतःचा नियम येथे रमाबाईंच्या बाजूने उभा राहतो. त्या मंडळीच्या ३९ कलमांतील सहावे कलम सांगते की, जे शास्त्रात नाही किंवा शास्त्रावरून सिद्ध होत नाही, ते तारणास आवश्यक म्हणून कोणावर लादू नये. आठवे कलम तिन्ही मतांगीकार स्वीकारावयास सांगते. मात्र कारण देते ते शास्त्राधाराचेच. शिवाय बाप्तिस्म्याच्या विधीत उमेदवाराला प्रेषितांच्या मतांगीकाराविषयीच विचारले जात असे. तेव्हा अथनेशियसच्या मतांगीकाराचा आधार मागणारी व्यक्ती मंडळीचाच नियम तिच्यापुढे ठेवीत होती.

हा नियम रमाबाईंना अपरिचित नव्हता. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आल्यास श्रुती प्रमाण, हे पूर्वमीमांसेचे सूत्र संस्कृत विद्येत वाढलेल्या व्यक्तीला नवे नाही. फरक एवढाच की, स्त्री म्हणून ज्या परंपरेने त्यांना श्रुतीचा अधिकार नाकारला होता, तिच्या तुलनेत येथे मूळ ग्रंथ त्यांच्या हाती होता. तो हाती देऊन अर्थ मात्र इतरांनी सांगावयाचा, ही विसंगती त्यांना जाणवली असल्यास नवल नाही. मतांगीकाराचा वाद त्यांच्यासाठी केवळ तत्त्वज्ञानाचा राहिला नाही, याचे कारण येथे सापडते.

पुढे रमाबाईंची श्रद्धा रूढ ख्रिस्ती सिद्धान्ताच्या पुष्कळ जवळ आली. यावरून १८८५चा वाद हा अपरिपक्व बंडाचा टप्पा होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. निष्कर्ष बदलले, पद्धती बदलली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रीलाही मूळ वचन स्वतः वाचता यावे, हा त्यामागील हेतू होता. त्यांच्या हयातीतील मुक्ती मिशनही कोणत्याही एका पंथाला बांधलेले नव्हते.

मतांगीकार शास्त्राशी जुळतात काय, याचे उत्तर श्रद्धावान आणि चिकित्सक वेगवेगळे देतील. तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, मूळ ग्रंथ आणि त्याचे अधिकृत सार यांतील अंतर भाषांतरामुळे प्रथम दृष्टीस पडते. ‘क्रिस्तपुराणा’त ते अंतर मिटविलेले आहे, रमाबाईंच्या पत्रांत ते उघडे पडते आणि त्यांच्या भाषांतरात ते मोजण्याचे साधन मराठी वाचकाला मिळते.