पुष्पवतीच्या काठची फुलांची दरी

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठहून बद्रीनाथकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोविंदघाट लागते. तिथून लक्ष्मणगंगेच्या काठाने वर चढत गेले की घांघरिया येते आणि घांघरियाच्या वर पुष्पवती नदीचे खोरे उघडते. हीच ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’. सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद अशा या दरीचा तळच ३३०० मीटरच्या वर आहे. १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली. २००५ मध्ये नंदादेवी उद्यानाच्या जोडीने तिला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे क्षेत्र ८७.५ चौरस किलोमीटर आहे.

भ्युंदार खोऱ्यातल्या मेंढपाळांना ही कुरणे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. बाहेरच्या जगाला ती कळली १९३१ मध्ये. कामेत शिखर सर करून परतणारे फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन आणि आर. एल. होल्ड्सवर्थ खिंड ओलांडून इथे उतरले. स्माइथ १९३७ मध्ये पुन्हा आले, इथल्या वनस्पतींचा अभ्यास केला आणि पुढच्या वर्षी दरीवर पुस्तक लिहिले. दरीचे आजचे नाव त्या पुस्तकाने रूढ केले. १९३९ मध्ये वनस्पतींचे नमुने गोळा करायला आलेल्या जोन मार्गारेट लेग इथेच कड्यावरून घसरून मरण पावल्या. त्यांची कबर दरीत आहे आणि पुढे त्यांच्या बहिणीने तिथे स्मृतिशिला बसवली.

गोविंदघाटपासून पुलनापर्यंत चार किलोमीटर जीप जाते. पुढे घांघरियापर्यंत सुमारे दहा किलोमीटरची चढण पायी किंवा खेचरावरून करावी लागते. २०१३ च्या महापुरात या वाटेचा मोठा भाग वाहून गेला होता आणि भ्युंदार गावाचेही फार नुकसान झाले. मुक्काम घांघरियातच करायचा, कारण दरीत रात्री राहायला परवानगी नाही आणि खेचरेही नेता येत नाहीत. सकाळी वनखात्याच्या चौकीवर परवाना काढून निघायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे. पुष्पवतीवरचा पूल ओलांडला की दगडी पायवाटेची खडी चढण सुरू होते. वाटेत भूर्जाची झाडे लागतात. त्यांची साल कागदासारख्या पातळ पापुद्र्यांनी आपोआप सुटत असते आणि पूर्वी लिहिण्यासाठी वापरले जाणारे भूर्जपत्र ते हेच. वर पोहोचल्यावर झाडी एकदम संपते. दरवर्षी उतारांवरून कोसळणारे हिमलोट मोठी झाडे टिकू देत नाहीत. ही मोकळी कुरणे राहण्यामागे त्यांचा मोठा हात आहे.

दरी १ जून ते ३१ ऑक्टोबर खुली असते, पण सारी फुले एकदम कधीच दिसत नाहीत. जूनमध्ये ओढ्यांत बर्फ असतो आणि वितळत्या बर्फाच्या कडेने प्रिम्युला फुलतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत विविधता सर्वाधिक असते: जिरेनियम, पोटेंटिला, निळी खसखस. सह्याद्रीतल्या सापकांद्याचा भाऊबंद असलेली कोब्रा लिली त्याआधीच झाडोऱ्याच्या सावलीत फणा काढून उभी असते. ऑगस्टअखेर हिमालयी तेरडा उतार गुलाबी करून टाकतो. गौरीच्या सणात घरोघरी येणाऱ्या तेरड्याच्याच कुळातला तो, मात्र उंची माणसाच्या डोक्याइतकी. त्याच्या पिकलेल्या शेंगेला बोट लागताच ती तडकन फुटते आणि बिया दूर उडतात. पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पतींना कळी, फूल आणि बी हे सारे तीन-चार महिन्यांत उरकायचे असते. म्हणून पंधरवड्यागणिक दरीचा रंग पालटतो. घाईने एक फेरी मारण्यापेक्षा घांघरियात दोन मुक्काम करणे केव्हाही चांगले, कारण पाऊस आणि धुके एखादा दिवस सहज गिळतात.

राष्ट्रीय उद्यान झाल्यावर गुरामेंढ्यांची चराई बंद झाली. त्यातून एक अडचण उद्भवली. पॉलिगोनम ही इथलीच उंच वाढणारी वनस्पती चराईच्या जुन्या जागांवर फोफावली आणि तिच्या दाट सावलीत लहान फुलझाडे गुदमरू लागली. वनखाते ती दरवर्षी उपटून काढते. चराईने फुलांचे नुकसान होत होते की तिनेच हे तण आटोक्यात ठेवले होते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण शतकानुशतके इथे वावरलेल्या मेंढपाळांचा अनुभव विचारात न घेता हा प्रश्न सुटणारा नाही.

ब्रह्मकमळ पाहायचे असेल तर दरीपेक्षा हेमकुंडाची वाट धरावी. घांघरियापासून सुमारे सहा किलोमीटरच्या खड्या चढणीवर, ४२०० मीटरच्या पुढे हेमकुंड साहिब हे शिखांचे तीर्थ आणि हिमसरोवर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथल्या खडकाळ उतारांवर ही फुले दिसतात. महाराष्ट्रात कुंडीत रात्री फुलणारे पांढरे ब्रह्मकमळ हे अमेरिकेतून आलेले निवडुंग आहे. उत्तराखंडचे राज्यपुष्प असलेले खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले असून, फिकट पिवळसर हिरव्या, पातळ पानांच्या आवरणात त्याचे जांभळे फुलोरे दडलेले असतात. ते तोडायला मनाई आहे.