मजुराच्या जिवाचा जाब कोणी द्यावयाचा?

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे लष्कराचे जे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे, त्याचे नाव गेल्या काही वर्षांत दोनदा साऱ्या देशाच्या कानी गेले, आणि दोन्ही वेळा ते मृत्यूच्याच निमित्ताने गेले. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर भांडारात भडकलेल्या आगीत लष्करी अधिकारी व अग्निशामक दलाची माणसे मिळून १६ हून अधिक जण कामी आले. पुढे अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी, जवळच्याच सोनेगाव आबाजी गावच्या बाजूस जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असता स्फोट झाला व ६ जण प्राणास मुकले. त्यांत जबलपूरजवळील खमरिया येथील आयुध कारखान्याचा एक कर्मचारी होता. बाकीच्यांत बहुतेक ठेकेदाराने लावलेले मजूर होते.

या दोन प्रसंगांत एक मोठा भेद आहे, आणि आजचा आमचा सारा लेख त्या भेदाविषयीच आहे. पहिल्या प्रसंगी जे गेले ते आगीशी झुंजण्याचे शिक्षण घेतलेले, संकट ओळखून त्यात उडी घेणारे वीर होते. दुसऱ्या प्रसंगातील मजुराने कसली शपथ घेतली नव्हती, की अंगावर गणवेश चढविला नव्हता. तो दिवसाच्या मजुरीसाठी पेट्या उतरविण्यास गेला होता. अशा माणसाच्या मरणास आपण 'नशीब' म्हणतो, सरकार 'दुर्दैवी घटना' म्हणते, आणि मदतीची रक्कम जाहीर झाली की प्रकरण मिटते. पण पेटीत काय आहे, ती कशाने फुटते आणि कितीजणांनी तिच्याजवळ उभे राहावे, हे ज्ञान या जगात कोणाजवळ तरी होतेच ना? मग ते पेटीबरोबर खाली मजुरापर्यंत का उतरू नये? धोका वरून खाली उतरतो आणि ज्ञान मात्र वरच राहते, हेच आमच्या मते अशा अनर्थांचे खरे मूळ होय.

मजुरी स्वीकारली तेव्हाच धोकाही स्वीकारला, असा युक्तिवाद मालकवर्ग पूर्वी न्यायासनापुढे उघडपणे करीत असे. १९३८ च्या मालकांच्या दायित्वाच्या कायद्याने त्याची वाट अडविली. धोका मजुरास पूर्णपणे समजावून सांगितला होता, तो त्यास समजला होता आणि त्याने तो स्वखुशीने पत्करला होता, हे मालकाने सिद्ध केल्यावाचून मजुराने धोका पत्करला असे मानू नये, असे त्या कायद्याने सांगितले. हे तत्त्व आम्हांस फार मोलाचे वाटते. समजावून न सांगितलेला धोका हा मजुराचा नव्हे, सांगणाराचा आहे!

हे तत्त्व कायद्यात येण्यास वेळ किती लागला, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. कामावर जखमी झालेल्या गिरणीकामगारास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी मागणी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी १८८४ सालीच केली होती. नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १९२३ साली. म्हणजे मोडलेल्या हाताची किंमत ठरविण्यासच सुमारे ४० वर्षे गेली. हात मुळात मोडूच नये यासाठी आणखी किती वर्षे लागावयाची?

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मारली, तेव्हा डोळे उघडून १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात सुधारणा झाली. धोकादायक धंद्याच्या मालकाने कामगारांस व आसपासच्या वस्तीसही धोक्याची माहिती द्यावी, आणि जिवावरचे संकट दिसताच ते वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगारास असावा, असे ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली असून, संकट नजरेस आणण्याचा हक्क तिच्यातही आहे. मात्र यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेस 'कारखाना' म्हणण्यास १९४८ च्या मूळ व्याख्येप्रमाणे १० कामगार पुरत, तेथे आता २० लागतात. लहान आस्थापनांस संहितेची सामान्य कर्तव्ये लागू आहेत, हे खरे. परंतु पट्ट्यात अडकलेली बोटे मजुरांची संख्या मोजून तुटत नाहीत. शिवाय 'येथे धोका आहे' असे म्हणणाऱ्या रोजंदार मजुरास मुकादमाने 'उद्यापासून येऊ नकोस' असे सांगितले, तर त्या हक्काची किंमत कागदाइतकीच उरते.

दारूगोळ्याची गोष्ट विरळा म्हणून सोडून द्यावी, तर आमच्या जिल्ह्याच्या नित्याच्या धंद्याकडे पाहा. हिंगणघाट, वर्धा, पुलगाव येथील जिनांत हंगामात कापसाचे ढीग लागतात. रेच्यावर सरकी वेगळी होताना बारीक तंतू व धूळ हवेत भरून राहते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली म्हणजे दमा लागतो. सुटीनंतर कामावर येण्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळून यावी, ही या रोगाची ओळख वैद्यकशास्त्रास फार दिवसांपासून ठाऊक आहे. कापसातून आलेला लोखंडाचा तुकडा किंवा खडा यंत्रात घासून ठिणगी पडली, तर सारा ढीग पेट घेतो. कापूस उलगडणारे यंत्र चालू असेल त्या भागात स्त्रिया व मुले कामास लावू नयेत, असा स्वतंत्र निर्बंध १९४८ च्या कायद्यात होता. तो उगाच घातलेला नव्हता.

यावर उपाय कोणता? शास्त्र सांगते की, धोका आधी मुळातून काढावा. निघत नसेल तर यंत्रास आवरण घालून तो झाकावा व धूळ उगमापाशीच ओढून घ्यावी. मग कामाचे तास व पाळ्या आखाव्या. आणि तोंडावरची पट्टी हा अगदी शेवटचा उपाय समजावा. आमच्याकडे क्रम नेमका उलटा आहे. मजुरास आधी पट्टी द्यावयाची, आणि ती त्याने काढली की 'मजूरच निष्काळजी' म्हणून बोट दाखवावयाचे! वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हाही हाच आरोप ऐकू आला. विदर्भातील आश्विनाच्या उन्हात, डोक्याइतक्या उंच पिकात, रबरी अंगरखा घालून दिवसभर पंप मारता येतो काय, याचा विचार आरोप करणारांनी करावयास नको होता काय? जे साधन अंगावर ठेवता येत नाही, ते दिले असे म्हणता येत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आहेत, पण त्यांत सवलत नको. काम सुरू होण्यापूर्वी त्यातील धोका मजुरास त्याला कळेल अशा मराठीत तोंडी सांगावा, व ज्याने सांगितला त्याची सही नोंदवहीत असावी. ठेकेदार मध्ये असला तरी अखेरचा जाब मूळ मालकानेच द्यावा, मग तो मालक सरकार का असेना. थोडक्यात टळलेला प्रत्येक अपघातही नोंदवावा. कारण आज टळलेला अपघात ही उद्याच्या अपघाताची आगाऊ सूचना असते. आणि धोका दाखविणाऱ्या मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडू नये.

यास खर्च येईल, असे मालक म्हणतील. येईलच. परंतु तो खर्च आजही होतच आहे. फरक इतकाच की, तो मालकाच्या खतावणीत न पडता मजुराच्या बायकामुलांच्या संसारात पडतो. तो ज्याचा आहे त्याच्या खात्यावर मांडला जावा, एवढेच आमचे मागणे आहे.