नुसत्या कणीवर पिल्लं वाढत नाहीत

न्हावरे हे शिरूर–चौफुला रस्त्यावरचं गाव. या रस्त्याने एकीकडे पुणे–नगर महामार्ग गाठता येतो, दुसरीकडे पुणे–सोलापूर. घोडगंगा साखर कारखान्यामुळे आसपास ऊस, तरी घरात बाजरी-ज्वारी असतेच. वस्तीवर दोन गाया आणि दाराशी पाच-दहा कोंबड्या. अशा घरात खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अंडी एकविसाव्या दिवशी फुटतात, किंवा कुणी खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणतं, आणि नेमकं स्टार्टर खाद्य मिळत नाही. कधी दुकान बंद असतं, कधी दुकानदार पन्नास किलोचं पोतं फोडायला तयार नसतो आणि पिल्लं असतात वीस. 2020 च्या टाळेबंदीत तर वाहतूकच अडखळली होती. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. त्यातले काही खरोखर उपयोगाचे असतात, काही पिल्लांच्या जिवावर बेततात. म्हणून एकेक तपासून पाहू.

“तीन दिवस पिल्लांना काही लागत नाही”

हे अर्धंच खरं आहे. कवच फोडण्याआधी पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं. पहिलं पिल्लू निघाल्यापासून शेवटचं निघेपर्यंत कोंबडी जागची हलत नाही, तेवढ्या काळाची ही सोय आहे. तिच्या जोरावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं, आणि म्हणूनच खोक्यात भरून ते लांबवर पाठवता येतं. पण तग धरणं वेगळं आणि वाढणं वेगळं. पहिल्याच दिवशी दाणा पोटात गेला तर आतडी लवकर कामाला लागतात आणि बलकही लवकर जिरतो. विकत आणलेल्या पिल्लांचे बरेच तास तर खोक्यातच गेलेले असतात. ती घरी आली की आधी कोमट पाणी द्यावं, दोन-चार पिल्लांच्या चोची त्यात बुडवून दाखवाव्यात आणि लगेच खाद्य टाकावं. पाण्याच्या बशीत खडे ठेवावेत, म्हणजे पिल्लू भिजणार नाही. भिजलेलं पिल्लू गारठून मरतं.

पाण्यात गूळ घालायची पद्धत आहे. दौंडकडे गुऱ्हाळं असल्याने गुळाला तोटा नाही. प्रवासातून आलेल्या पिल्लांना पहिले काही तास गूळपाणी दिलं तर तरतरी येते. पण गुळात प्रथिनं जवळपास नसतातच. दिवसेंदिवस तेच चालू ठेवलं तर विष्ठा पातळ होते आणि शेपटीखाली चिकटून वाट बंद होते.

“आमची पिल्लं कणीवरच वाढली”

वाढली हे खरं, पण ती अंगणात कोंबडीमागे फिरत होती. उकिरडा उकरून किडे, अळ्या, वाळवी, कोवळं गवत खात होती. आपल्याला दिसायची ती आपण टाकलेली कणी, बाकीचं त्यांचं ती मिळवत होती. हेच पिल्लू खोक्यात बल्बखाली ठेवलं आणि नुसती कणी टाकली, तर पोट भरतं पण अंग धरत नाही. स्टार्टरमध्ये 20 ते 22 टक्के प्रथिनं असतात. तांदळात सात-आठ, मक्यात नऊ, ज्वारीत दहा, बाजरीत अकराच्या आसपास. म्हणजे घरात धान्य भरपूर असलं तरी पिल्लाला जे सगळ्यात जास्त हवं, ते त्यात निम्मंच आहे.

पांढऱ्या तांदळाची गोष्ट आणखी पुढची आहे. 1890 च्या सुमारास जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. तो बंद होऊन बिनसडीचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या सुधारल्या. कोंड्याबरोबर निघून जाणारं ते द्रव्य म्हणजे ब1 जीवनसत्त्व. या कामासाठी आइकमान यांना 1929 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या भागात तर विकतच्या कणीपेक्षा घरची बाजरी सरस आहे: प्रथिनं जास्त, कोंड्यासकट खाल्ली जाणारी आणि दाणा बारीक. गिरणीतून तिचा भरडा काढून आणावा. पीठ मात्र करू नये, ते चोचीला चिकटतं.

“पेंड आहे की गोठ्यात”

माझ्या मते सगळ्यात धोक्याचा सल्ला हाच, कारण गोठ्यात पेंड असतेच आणि पेंडीत प्रथिनं असतात हेही खरं. सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. रवंथ करणाऱ्या गाईच्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होतं. पिल्लाची मात्र भूक आणि वाढ दोन्ही मारतं. काही गोळी पेंडींत युरिया घातलेला असतो. गाईच्या पोटातले जंतू त्याचं प्रथिन करतात, कोंबडीला ते जमत नाही.

शेंगदाणा पेंड चवीने खाल्ली जाते, पण तिला बुरशी धरते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखावर पिल्लं पटापट मेली. शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीचं विष सापडलं. आज त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते उन्हात वाळवून किंवा शिजवून जात नाही. पावसाळ्यात ओल लागलेली पेंड असो की काळा पडलेला मका, ते पुरून टाका, पिल्लांपुढे नको. सोयाबीन चांगलं, पण कच्चं दळून नाही. कच्च्या दाण्यातली द्रव्यं प्रथिनं पचू देत नाहीत. तेल काढलेली, उष्णता दिलेली सोया पेंड मात्र चालते. पोल्ट्रीवाले तिला डीओसी म्हणतात.

“अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य द्या”

एखाद-दुसरा दिवस निभावेल, त्याहून जास्त नको. त्या खाद्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाला एक टक्का पुरतं. जास्तीचा भार मूत्रपिंडांवर येतो. पिल्लांपुढे शिंपल्यांचा चुरा ठेवणंही त्याच कारणाने चूक आहे.

“उकडलेलं अंडं घातलं की कोंबड्या अंडी फोडायला लागतात”

बारीक कुस्करलेलं अंडं पिल्लू अंडं म्हणून ओळखत नाही. अडचणीच्या दिवशी घरात याहून चांगलं प्रथिन दुसरं नाही. मात्र दोन-तीन तासांत खाल्लं नाही ते उचलून टाकावं, नासतं. दूध देऊ नये. त्यातली साखर कोंबडीला नीट पचत नाही, जुलाब होतात.

वाळवी घालायचा जुना सल्लाही चांगलाच आहे. पश्चिम आफ्रिकेत शेतकरी मडक्यात शेण आणि काडीकचरा भरून ते पालथं ठेवतात, वाळवी गोळा करतात आणि पिल्लांना घालतात. एकच सांभाळा: उसाच्या सरीत वाळवीसाठी औषध सोडलेलं असतं, तिथली वाळवी आणू नका.

मग आज संध्याकाळी काय करायचं? दोन भाग बाजरीचा भरडा, एक भाग फुटाण्याच्या डाळीचा रवाळ भरडा, आणि वीस पिल्लांमागे दिवसाला दोन उकडलेली अंडी. प्रथिनं 18 टक्क्यांच्या आसपास जातात. गावठी पिल्लू पहिल्या आठवड्यात दिवसाला साधारण दहा ग्रॅम खातं. म्हणजे वीस पिल्लांना दोनशे ग्रॅम, एका घरच्या डब्यातून निघण्याएवढं. सोबत बारीक चाळलेली वाळू चिमूटभर टाकावी, कारण भरडा दळायला पोटात खडा लागतो.

चार दिवसांहून जास्त ओढायचं असेल तर एक किलोचं मिश्रण असं करावं: बाजरीचा भरडा 600 ग्रॅम, सोया पेंड 250, सुकटीची पूड 80, गव्हाचा कोंडा 50, कोंबड्यांसाठीचं खनिज मिश्रण 20. सुकट खारवलेली असेल तर धुऊन, वाळवून मगच कुटावी. मीठ पिल्लांना सोसत नाही. वरून लसूणघास किंवा मेथीची पानं अगदी बारीक चिरून टाकावीत. धान्यात ब2 जीवनसत्त्व कमी असतं. ते कमी पडलं की पायाची बोटं आत वळतात आणि पिल्लू घोट्यांवर बसतं. अशी पिल्लं दिसली तर थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं.

खाद्य उत्तम असूनही पिल्लं मरतात, ती बऱ्याचदा थंडीने. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीशी 35 अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवणारं पिल्लू खायला जातच नाही. रात्री एक-एक पिल्लू हातात घेऊन गळ्याखाली, उजव्या अंगाला बोट लावून पाहावं. पिशवी भरलेली आणि मऊ लागली तर खाल्लंय आणि पाणीही प्यालंय. कडक लागली तर पाणी कमी पडतंय. रिकामी लागली तर ते पिल्लू वेगळं काढून त्याच्यापुढे अंडं ठेवावं.

आणखी एक. बाजारातल्या बऱ्याच स्टार्टरमध्ये रक्ती हगवणीवरचं प्रतिबंधक औषध असतं, घरच्या मिश्रणात नसतं. म्हणून खालचा तूस कोरडा ठेवा, ओला झाला की बदला. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. ब्रॉयलरच्या पिल्लांना हे मिश्रण पुरणार नाही, त्यांची वाढ फार वेगाची असते. खाद्याबद्दल आणखी विचारायचं असेल तर पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत.

आणि खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवाल त्याच दिवशी ठरवून टाका. हातात 21 दिवस असतात. तेवढ्यात शिरूरला, चौफुल्याला किंवा केडगावला फेरी होतेच. पाच किलो ताजं स्टार्टर आणून कोरड्या डब्यात ठेवा. वीस गावठी पिल्लांना ते पहिले दोन आठवडे सहज पुरतं.