परक्या बशीतली ओळखीची चव

धाराशिव जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन भरपूर पिकते. कापणी-मळणीला आपलीच माणसे राबतात. पण ते आपल्या ताटात क्वचितच येते.

परवा पुण्यातील काम लवकर उरकले. गाडीला अवकाश होता. एक मित्र म्हणाला, "पोरं मोबाईलवर बघतात ते कोरियन खाणं आज खाऊनच बघू!" आम्ही चौघांत एक बशी घेतली. पदार्थ तोकबोक्की. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या, लाल तिखट-गोड रश्शात शिजवलेल्या. चावायला चिवट, पण झणका ओळखीचा. रश्शातील गोचुजांग म्हणजे मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेले सोयाबीन यांची चटणी!

कोरियन युद्ध १९५३ साली थांबले. पुढच्या टंचाईच्या काळात अमेरिकेच्या मदतीचा गहू आला आणि या वळ्या गव्हाच्या पिठाच्याही होऊ लागल्या. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात परदेशी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन कितीतरी घरे जगली. त्यांचे टंचाईतले खाणे आज जगभर आवडीने खातात. आपण मात्र सुकडीचे नाव मुलांसमोर काढत नाही.

वाचकहो, या पदार्थात बहुधा माशाच्या वड्या असतात. न खाणाऱ्यांनी आधी विचारावे. मुलांनी कोरियन खाणे मागितले तर रागावू नका. सोबत बसून खा, आणि बहात्तर साली आजीच्या चुलीवर काय शिजत होते, तेही त्यांना सांगा.