हिंवाळ्यांतील कलाप्रदर्शनें



दिवाळी सरली, भाताची कापणी उरकली, आणि पनवेलच्या खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यांतील दमटपणा ओसरूं लागला, म्हणजे आमच्या बाजूस दोन हंगामांची चाहूल एकदमच लागते. उरण-पेणकडे मिठागरांची डागडुजी सुरू होते, आणि तिकडे मुंबईंत कलाप्रदर्शनांचे फलक झळकूं लागतात. मीठ आणि चित्रकला यांचा एकमेकांशीं काय संबंध, असें आपण विचाराल. संबंध आहे, आणि तो हवेचा आहे.

मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचें उदाहरण घेऊं. पूर्वीं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नांवानें ओळखली जाणारी ही संस्था लोकांस खुली झाली तीच मुळीं १० जानेवारी १९२२ रोजीं. अलीकडील काळांत ईजिप्तच्या ममींचें प्रदर्शन तेथें भरलें तें २०१२ च्या नोव्हेंबरांत. इराणच्या सायरस राजाचा कोरीव लेख असलेला मातीचा दंडगोल आला तो २०१३ च्या डिसेंबरांत. ‘भारत आणि जग’ हें सुमारें दोनशें वस्तूंचें प्रदर्शन २०१७ च्या नोव्हेंबरपासून २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत चाललें. संग्रहालयाच्या आसपास भरणारा काळा घोडा कला महोत्सव १९९९ सालीं सुरू झाला. तोहि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावरच येतो. हा सारा योगायोग म्हणावा काय?

माझ्यापुरतें उत्तर मला घरच्याच एका चुकीनें मिळालें. आमच्या आजोबांचें शाईनें रेखाटलेलें एक चित्र मीं हौसेनें कांचेच्या चौकटींत बसविलें आणि पश्चिमेकडील भिंतीवर टांगलें. पनवेलचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस पुढची हकीकत सांगावयास नको. भिंत जून-जुलैंत पाझरली, चौकटीच्या मागें ओल कोंडली, आणि गणपतींच्या सुमारास पाहतों तों आजोबांच्या पागोट्यावर तपकिरी ठिपके उमटलेले! घाबरून मीं तें चित्र उन्हांत ठेविलें. ठिपके गेले नाहींत. शाई मात्र फिकी पडली आणि कागद पापडासारखा वांकला. एकाच आठवड्यांत दोन अपराध माझ्या हातून घडले, आणि या दोन्ही अपराधांपासून संग्रहालयें आपल्या वस्तूंस वर्षभर जपत असतात.

पहिला अपराध ओलीचा. पावसाळ्यांत कोंकणपट्टींतील हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि दिवसचे दिवस तेथेंच राहते. कागद, लांकूड, हस्तिदंत, चामडें, कापड हे पदार्थ हवेंतील बाष्प शोषून फुगतात आणि हवा कोरडी झाली कीं आक्रसतात. लांकडी फळीवर चढविलेला रंग मात्र फळीबरोबर तितकासा फुगत नाहीं. म्हणून तो तडकतो व त्याचे पापुद्रे सुटतात. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली तर बुरशीस आमंत्रणच मिळतें. यास्तव ती साधारण पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राहावी असा संग्रहालयांचा प्रयत्न असतो. येथें ‘स्थिर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आज ओली, उद्यां कोरडी अशी हवा वस्तूंस अधिक मारते.

आतां कोणी म्हणेल, यंत्रांच्या साह्यानें दालनांतील हवा बारा महिने एकसारखी ठेवतां येते. मग ऋतूची पर्वा कशाला? हें खरें आहे, पण अर्धेंच. दालनाचें दार दिवसांतून शेंकडों वेळां उघडतें. भिजलेले कपडे आणि ठिबकत्या छत्र्या घेऊन येणारा प्रत्येक प्रेक्षक थोडासा पाऊस आंत आणतो. शिवाय परदेशची वस्तु नुसती दालनांत राहत नाहीं. ती विमानांतून उतरते, मोटारींतून रस्त्यानें येते, आणि पेटी येतांच कोणी ती फोडीत नाहीं. साधारणतः एक दिवसभर ती बंदच ठेवतात, म्हणजे आंतील वस्तूस नव्या जागेच्या हवेची संवय होते. मग दोन्ही पक्षांचे तज्ज्ञ समोरासमोर बसून वस्तूवरील प्रत्येक ओरखडा कागदावर टिपून ठेवतात. धनको संग्रहालयाचा विश्वास एकदां उडाला कीं पुढल्या वेळीं वस्तु येत नाहीं, आणि मग पनवेलच्या मुलानें ती पाहावी कोठें? लंडनला जाणें कितीजणांस परवडणार!

या नियमास अपवादहि आहेत. २०२३ च्या डिसेंबरांत याच वस्तुसंग्रहालयांत ईजिप्त, असिरिया, ग्रीस व रोम येथील प्राचीन शिल्पें मांडलीं, तीं पुढील पावसाळाभर तेथेंच राहिलीं. दगडास ओलीचें भय कागदाइतकें नाहीं. तसेंच शेजारच्या जहांगीर कलादालनांत पावसाळ्यांत मुद्दाम नव्या दमाच्या चित्रकारांचें प्रदर्शन भरवितात. मला ही प्रथा फार आवडते. मोठ्यांच्या गर्दींत ज्यांस भिंत मिळत नाहीं त्यांस ती पावसामुळें मिळते.

दुसरा अपराध उजेडाचा. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश मोजला तर तो एक लाख लक्सपर्यंत जातो. कागदावरील जुन्या चित्रास जेमतेम ५० लक्स देतात. तेंहि कांहीं महिनेच, आणि नंतर त्यास अंधारांत दीर्घ विश्रांति. ‘भारत आणि जग’ प्रदर्शनांत डच चित्रकार रेम्ब्रांट यानें मोगल चित्रावरून काढलेलें जहांगीर बादशहाचें रेखाटन होतें. हिंदुस्थानांत कधींहि पाऊल न ठेवलेल्या माणसानें आमच्या दरबारी चित्रकाराचा हात किती आदरानें न्याहाळला होता, हें त्या लहानशा कागदावरून कळावें. असल्या वस्तूंभोंवतीं मंद उजेड असतो म्हणून कित्येक प्रेक्षक कुरकुरतात. दाराशीं दोन मिनिटें थांबून डोळ्यांस अंधाराची संवय होऊं द्यावी. मग रेषा आपोआप दिसूं लागतात.

हिंवाळ्याचें लौकिक कारण तर सर्वांस ठाऊकच आहे. शाळांच्या सहली याच दिवसांत निघतात, परगांवचे पाहुणे येतात, संध्याकाळीं उघड्यावर व्याख्यान ठेवतां येतें.

आणि व्याख्यानांविषयीं थोडें अधिक बोललें पाहिजे. प्रदर्शनाबरोबर होणारीं भाषणें, तज्ज्ञांसह दालनांतून फेरी, मुलांसाठीं चित्रकलेचे व मातीकामाचे वर्ग, यांस पुष्कळजण तोंडीं लावणें समजतात. माझें मत उलट आहे. सोपाऱ्यास सांपडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा याच वस्तुसंग्रहालयांत आहे. समजावून सांगणारा कोणी नसेल तर तो ओबडधोबड दगडच दिसतो. वाचून दाखविला कीं आपल्याच किनाऱ्यावरचें बंदर बावीसशें वर्षें मागें जाऊन उभें राहतें. ज्यांस मुंबई गांठणें कठीण त्यांच्यासाठीं या संग्रहालयानें २०१५ सालीं एक बस सजवून शाळांकडे व खेड्यांकडे पाठविण्याची योजना काढली. पनवेल तालुक्यांतील मुख्याध्यापकांनीं अशा सोयींची चौकशी पावसाळा संपण्यापूर्वींच करावी. हिंवाळा आला कीं सगळ्यांस एकदमच आठवण होते.

आम्हां पनवेलकरांस मोठें संग्रहालय पाहावयाचें तर हार्बर मार्गाची गाडी पकडून शेवटच्या स्थानकापर्यंत जावें लागतें. जाऊन येण्यांतच दिवसाचे तीनएक तास जातात, म्हणून माणूस हट्टानें सगळीं दालनें एका दमांत पालथीं घालतो आणि परततांना त्याच्या लक्षांत फक्त पायांचें दुखणें राहतें. मीहि कित्येक वर्षें हेंच केलें. आतां जाण्यापूर्वीं व्याख्यानांचें व फेऱ्यांचें वेळापत्रक पाहून दिवस ठरवितों, एकच दालन निवडतों, त्यांतल्या तीन-चार वस्तूंपुढें बसतों, आणि वहींत पेन्सिलीनें वेडीवांकडी नक्कल करतों. पेन्सिलच न्यावी, शाईचा थेंब उडण्याची भीति असल्यानें चित्रांजवळ पेन नको असतें. बाहेर पडल्यावर पाय शिल्लक असले तर जहांगीर कलादालन चार पावलांवर आहे, आणि तेथें तिकीटहि पडत नाहीं.